‘नुसती करमणूक’ म्हणणाऱ्यांस

सुशिक्षित माणसाने दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी गांभीर्याने बोलू नये, बोलावेच लागले तर दोन तुच्छतेची वाक्ये टाकून विषय बदलावा, आणि एखाद्या नटावरून किंवा पात्राच्या तोंडच्या संवादावरून उठलेल्या वादात मन घालणे हे तर रिकामटेकडेपणाचे लक्षण समजावे, असा एक शिष्टसंमत संकेत आपल्या मध्यमवर्गात रूढ होऊन बसला आहे. या संकेताचे पुरस्कर्ते शोधायला मला लांब जावे लागत नाही. गिरगावात खोताच्या वाडीतील एका जुन्या लाकडी घराच्या ओट्यावर आमची जी मित्रमंडळी संध्याकाळी जमते, तीत एक निवृत्त वकील आहेत, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेले एक प्राध्यापक आहेत, बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. आणि इतर कोणत्याही प्रश्नावर न होणारे या तिघांचे एकमत या एका प्रश्नावर मात्र हटकून होते. चौथे आमचे यजमान, ज्यांचे ते घर आहे. ते ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत, आजीपासून चालत आलेली मराठी घरात बोलतात, आणि हा विषय निघाला की बहुधा गप्प राहतात. त्या गप्प राहण्याकडे माझ्या विद्वान मित्रांचे आजवर लक्ष गेलेले नाही, आणि मला संताप येतो तो मुख्यतः त्याचा.

त्यांचे म्हणणे मी शक्य तितके बळकट करून मांडतो, कारण समोरच्याची कैफियत दुबळी करून मग ती खोडून काढण्यात काही पुरुषार्थ नाही. वकीलसाहेब म्हणतात, “अहो, मालिका ती मालिका. दिवसभर राबून आलेला माणूस अर्धा तास विरंगुळा शोधतो. त्यात समाजशास्त्र कशाला घुसडता? नाही आवडलं तर रिमोट हातात आहे, बदला की वाहिनी.” प्राध्यापकांचे म्हणणे अधिक शास्त्रीय वेषात येते : वाहिनी हा व्यापार आहे, व्यापारी गिऱ्हाइकाला हवा तो माल ठेवतो, दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्यांतून जनतेचा कौल स्वच्छ दिसतो, तेव्हा पडद्यावर अमुक धर्माचे, अमुक जातीचे, अमुक बोलीचे लोक का नाहीत, हा प्रश्न वाहिनीला न विचारता जनतेलाच विचारावा. आणि बाईंचे म्हणणे असे की पडद्यावर कोणाला किती जागा मिळाली याचा हिशेब मांडणे हे परदेशातून आलेले खूळ आहे, कलेत आरक्षण चालत नाही, आणि आज तुम्ही ‘आम्ही यात का नाही’ असे विचारलेत तर उद्या दुसरा कोणी ‘आम्हांला असेच का दाखवले’ म्हणून हातात दगड घेऊन येईल.

ही तिन्ही म्हणणी मला अमान्य आहेत. तिन्हींचे मूळही एकच आहे असे मी मानतो : ज्याला पडद्यावर आपल्यासारखे घर रोज दिसते, त्याला पडद्याचे महत्त्व वाटेनासे होते, आणि ते कोणालाच वाटत नसावे अशी त्याची प्रामाणिक समजूत होऊन बसते.

पहिल्या म्हणण्याच्या खंडनाला कोणत्याही सिद्धांताची गरज नाही. आपल्याच देशाचा गेल्या चाळीस वर्षांचा वृत्तांत पुरेसा आहे. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ रोजी ते संपले. संपण्याची वेळ आली तेव्हा उत्तर भारतातील काही शहरांत सफाई कामगारांनी काम बंद केले. मागणी पगारवाढीची नव्हती. वाल्मीकींना आपला पूर्वज मानणाऱ्या त्या समाजाचे म्हणणे असे होते की कथा राज्याभिषेकापाशी तोडू नका, उत्तरकांड दाखवा. कारण त्या कांडात वाल्मीकी स्वतः येतात, टाकून दिलेल्या सीतेला त्यांच्या आश्रमात आसरा मिळतो, आणि लव-कुश त्यांच्या हाताखाली वाढतात. पुढे ‘उत्तर रामायण’ निघाले. मी वकीलसाहेबांना विचारतो की शहराची घाण उपसून पोट भरणारा माणूस ज्या गोष्टीसाठी आपली रोजी पणाला लावतो, ती गोष्ट नुसता विरंगुळा कशी ठरते? त्याच्या हाती रिमोट नव्हता, आणि असता तरी वाहिनी एकच होती. पण समजा शंभर वाहिन्या असत्या, तर त्या शंभरांपैकी कोणत्या वाहिनीवर त्याला त्याचा वाल्मीकी भेटला असता?

आणि हे केवळ पीडितांच्या भावनेपुरते आहे असेही नाही. त्याच ‘रामायणा’तील रावण, अरविंद त्रिवेदी, आणि सीता, दीपिका चिखलिया, हे दोघेही १९९१ साली लोकसभेवर निवडून गेले. ‘महाभारता’तील कृष्ण, आपले नितीश भारद्वाज, १९९६ साली थेट जमशेदपुरातून निवडून आले, ज्या गावाशी त्यांचा पडद्याखेरीज सांगण्यासारखा संबंध नव्हता. शिवछत्रपती आणि संभाजीराजे यांच्या भूमिकांनी घराघरांत पोचलेले डॉ. अमोल कोल्हे यांनी सलग तीन वेळा निवडून आलेल्या खासदाराचा २०१९ साली शिरूर मतदारसंघात पराभव केला. यांपैकी कोणाच्याही योग्यतेविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. मला एवढेच विचारायचे आहे की ज्या पेटीतून निघालेला चेहरा मतपेटीपर्यंत पोचतो, त्या पेटीत कोणाचा चेहरा दिसावा आणि कोणाचा दिसू नये हा प्रश्न फालतू कसा? चिन्मय मांडलेकर यांनी अनेक चित्रपटांतून शिवछत्रपतींची भूमिका केली; एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या मुलाच्या नावावरून त्यांच्या कुटुंबावर अशी चिखलफेक झाली की यापुढे आपण ती भूमिका करणार नाही असे त्यांना जाहीर करावे लागले. एका पित्याने आपल्या लेकराचे नाव काय ठेवावे, हे त्याने पडद्यावर केलेल्या भूमिकेच्या आधारे ठरवू पाहणारा समाज मालिकांकडे आणि चित्रपटांकडे करमणूक म्हणून पाहतो, असे म्हणणे म्हणजे डोळ्यांदेखत घडलेले नाकारणे आहे.

प्राध्यापकांचा आकड्यांचा मुद्दा अधिक सावधपणे घ्यावा लागतो, कारण आकड्यांपुढे आपल्याकडे भलेभले नमतात. देशात दूरचित्रवाणी असलेली घरे २०२० च्या सुमारास एकवीस कोटींच्या घरात होती, आणि बार्क या संस्थेची मोजणीयंत्रे त्या वेळी बसविलेली होती सुमारे ४४ हजार घरांत. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक. नमुना निवडून अनुमान काढण्याची पद्धत शास्त्रशुद्ध असते हे मला प्राध्यापकांनी शिकविण्याची आवश्यकता नाही, आणि नमुना लहान आहे एवढ्यावरच तक्रार करण्याइतका मी अडाणीही नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वृत्तवाहिन्यांच्या आकड्यांत फेरफार झाल्याची फिर्याद मुंबई पोलिसांत दाखल झाली आणि बार्कला त्या वर्गाचे साप्ताहिक आकडे काही काळ स्थगित ठेवावे लागले, तेही मी येथे बाजूला ठेवतो. यंत्र निर्दोष आहे असे धरून चालू. ते यंत्र मोजते काय? समोर जे ठेवले त्यांतले काय पाहिले गेले, एवढेच. जे कधी ठेवलेच नाही त्याची नोंद त्या दफ्तरात कशी व्हावी? ज्या खाणावळीत एखादा पदार्थ कधी शिजलाच नाही, तेथील उष्ट्या ताटांची मोजदाद करून तो पदार्थ लोकांना नको आहे असा निष्कर्ष अर्थशास्त्राचा कोणता विद्यार्थी काढील?

शिवाय जेव्हा जेव्हा तो पदार्थ शिजला, तेव्हा तेव्हा काय झाले ते प्राध्यापक सोयीस्करपणे विसरतात. मालिकेच्या नायिकेने पुण्या-मुंबईची प्रमाण भाषाच बोलली पाहिजे, वऱ्हाडी-नागपुरी ढंग फार तर विनोदासाठी मोलकरणीच्या नाहीतर पाहुण्याच्या तोंडी द्यावा, अशी जी वहिवाट होती, ती ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेने मोडली. अनिता दाते यांची राधिका ऑगस्ट २०१६ पासून मार्च २०२१ पर्यंत नागपूरच्या बोलीत बोलत राहिली, आणि ज्या आकड्यांची प्राध्यापक महती गातात त्यांच्या यादीत ती मालिका कितीतरी आठवडे अग्रभागी होती. कोल्हापूरच्या मातीतली ‘तुझ्यात जीव रंगला’ चालली, साताऱ्याकडील फौजी घरांची ‘लागिरं झालं जी’ चालली. आणि २०१६ च्या एप्रिलात करमाळ्याकडच्या बोलीतला ‘सैराट’ आला तेव्हा आधीच्या सर्व मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाला त्याने मागे टाकले. प्रेक्षक मागासलेला होता की त्याच्या नावाने निर्णय घेणारे मागासलेले होते?

याच आकड्यांच्या जोरावर मला ‘सावित्रीजोती’चे उदाहरण ऐकवले जाते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या जीवनावरील ही मालिका जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठीवर सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, पुरेसा प्रेक्षक मिळत नाही म्हणून, बंद झाली. पाहा, म्हणतात, फुल्यांच्या महाराष्ट्राला फुले नको आहेत! पण त्या वर्षी मार्चच्या मध्यापासून जवळजवळ तीन महिने साथीमुळे सगळ्या राज्यातले चित्रीकरण ठप्प होते, हे कोणी सांगत नाही. ज्या धंद्यात ‘चार दिवस सासूचे’सारखी मालिका अकरा वर्षे आणि तीन हजारांहून अधिक भाग चालवण्याची चिकाटी दाखविली जाते, त्या धंद्यात सावित्रीबाईंच्या वाट्याला धड एक वर्षही येऊ नये, याला जनतेचा कौल म्हणायचे की व्यापाऱ्याचा उतावीळपणा? बाबासाहेबांच्या चरित्रावरील मालिका त्याच काळात स्टार प्रवाहवर एक वर्षाहून अधिक चालली आणि हिंदीतील दुसरी तीन वर्षे चालली. तेव्हा कौलच पाहायचा तर सगळ्याच कौलांची नोंद घेतली पाहिजे.

मात्र येथे मला एक खोल गोष्ट दिसते, आणि ती माझ्या मित्रांना दिसत नाही हे त्याहून अधिक सलते. बाबासाहेब आणि जोतीराव पडद्यावर आले ते महापुरुष म्हणून. महापुरुषाला प्रवेश देणे पडद्याला जड जात नाही; त्याच्या गळ्यात हार घालता येतो, त्याच्यापुढे नतमस्तक होता येते, आणि तसे करून आपण उदार झालो अशी स्वतःची समजूतही करून घेता येते. पण वरच्या मजल्यावर राहणारे, मुलीच्या लग्नाच्या खर्चाने हैराण झालेले, जावयावर रुसलेले, दिवाळीत बोनस उशिरा मिळाला म्हणून घरात धुसफूस करणारे एक साधे दलित कुटुंब, ज्याच्या कथेत अन्याय आणि उद्धार यांखेरीज इतरही हजार गोष्टी घडतात, असे कुटुंब नायकाच्या जागी बसविलेल्या किती मराठी मालिका माझ्या मित्रांना आठवतात? मी विचारले तेव्हा बाई थोडा वेळ आठवत राहिल्या आणि मग म्हणाल्या की मालिकेत जात दाखवतच नाहीत, सगळी सर्वसाधारण माणसे असतात. त्या सर्वसाधारण माणसांची आडनावे देशमुख, कुलकर्णी आणि इनामदार असतात, त्यांच्या देवघरांना स्वतंत्र खोली असते आणि त्यांच्या गणपतीत मोदकांचे ताट कसे मांडावे याला दोन भाग लागतात. हे सर्व वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती घरेही खरी आहेत. पण ती सर्वसाधारण आहेत आणि बाकीची विशेष, हे कोणी ठरवले? ‘आई कुठे काय करते’ या लोकप्रिय मालिकेतील देशमुखांच्या घराची कथा मुळात ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवरून आलेली. बंगालातले एक घर हजार कोसांवरून आणून मराठी मातीत रुजविता येते, तर गिरगावातल्या गल्लीतले घर शंभर पावलांवरून पडद्यावर का येऊ शकत नाही?

आता बाईंचे म्हणणे, की हे परकीय खूळ आहे. १९८८ साली झाडू खाली ठेवणाऱ्या कामगाराने कोणत्या परदेशी विद्यापीठात हा विषय शिकला होता? आणि समाज अजून तयार नाही, ही सबब तर आपल्याच गिरगावाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ऐकली आहे. ३ मे १९१३ रोजी येथल्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके नावाचा पुरुष होता, कारण पडद्यावर यायला एकही बाई राजी होईना. त्या वेळी कोणी ‘स्त्रियांना नकोच आहे तर आग्रह कशाला’ असे म्हणून स्वस्थ बसले असते तर? फाळके बसले नाहीत. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. जी उणीव नैसर्गिक आणि कायमची वाटत होती ती एकाच चित्रपटाच्या अंतराने भरून निघाली, कारण कोणाला तरी ती उणीव वाटली.

आणि परकेपणाचाच प्रश्न काढायचा तर ज्यांच्या ओट्यावर बसून आपण तो काढतो, त्यांच्याविषयी दोन शब्द ऐका. ही वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाची. त्याने ईस्ट इंडियन कुटुंबांना येथे घरांसाठी जमिनी दिल्या. उत्तर कोकणातले हे मूळचे मराठी रहिवासी. मुंबई, साष्टी, वसई या भागांत पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेले, आणि १८८७ साली आपल्या संस्थेची स्थापना करताना ईस्ट इंडियन हे नाव स्वीकारलेले. धर्म बदलला, भाषा बदलली नाही. मराठी वाङ्मयात तर ख्रिस्ती माणूस चारशे वर्षे घरचा आहे : फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चे, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वगळून मराठी गद्याचा इतिहास लिहिण्याचे धाडस कोणी करणार नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूने मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष व्हावे हे काही मंडळींना सहन झाले नाही आणि आयोजकांना धमक्यांचे दूरध्वनी गेले. तो विरोध मला दुष्ट वाटला. पण त्याहून अधिक मला ज्यांनी विरोध केला नाही त्यांचे आश्चर्य विचार करण्याजोगे वाटले. “फादर इतकं छान मराठी बोलतात!” असे उद्गार मी चांगल्या, निर्मळ मनाच्या माणसांच्या तोंडून ऐकले. वसईत जन्मलेल्या मराठी माणसाने मराठी बोलावे यात नवल वाटण्यासारखे काय आहे? नवल वाटले, कारण आयुष्यभर पडद्यावर त्यांनी असा माणूस पाहिलाच नव्हता.

पडद्यावर त्यांनी पाहिला तो ‘बॉबी’तला जॅक ब्रिगान्झा, मोडक्या हिंदीत ओरडणारा, हातात बाटली असलेला. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसा वेगळ्या, ललिता पवारांनी त्यांच्यात इतका जीव ओतला की त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि ती भूमिका आजही डोळ्यांत पाणी आणते. ‘बातों बातों में’ हा बासु चटर्जींचा १९७९ चा चित्रपटही वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांकडे मायेने पाहतो. पण ही सगळी हिंदीतली, आणि तीही थोडी. मराठी मालिकेत, मराठी बोलणारे, मराठीत भांडणारे ख्रिस्ती घर कोठे आहे? वाडीत चित्रीकरणाचे ताफे येतात. उतरत्या कौलांची, बाहेरच्या जिन्यांची, रंगीत कठड्यांची दृश्ये टिपली जातात. घर हवे असते, घरातली माणसे नको असतात. एका संध्याकाळी आमच्या यजमानांनी बोलण्याच्या ओघात एक साधा प्रश्न विचारला : “आमच्यासारख्या घरावर मालिका काढली, तर त्यात भांडण कशावरून होईल हो?” प्राध्यापक हसले, वकीलसाहेबांनी सिगारेट पेटवली. कोणाजवळ उत्तर नव्हते, कारण चाळीस वर्षे ज्या ओट्यावर बसलो त्या घरातली माणसे कशावरून भांडतात हे जाणून घ्यावेसे आमच्यापैकी कोणाला वाटले नव्हते.

ज्यांना मी येथवर उत्तर दिले त्यांच्याइतकाच माझा रोष दुसऱ्या पंथावर आहे, आणि हा पंथ मालिकांना फार गांभीर्याने घेतो असे वरवर पाहता वाटते. २०२० च्या मार्चमध्ये ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या मालिकेत एका पात्राने मुंबईची भाषा हिंदी असल्याचे विधान केले. गदारोळ झाला, निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पुढच्या भागात खुलासा झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘बिग बॉस’च्या घरात जान कुमार सानू याने आपल्याला मराठीची चीड येते असे म्हटले, पुन्हा गदारोळ झाला, वाहिनीने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून माफी मागितली, जाननेही पडद्यावर माफी मागितली. दोन्ही वेळा मराठी अस्मितेचा विजय झाल्याच्या बातम्या आल्या. माझा मराठीवरचा लोभ कोणाहूनही कमी नाही, आणि ती दोन्ही विधाने मलाही झोंबली. पण ‘तारक मेहता’ जुलै २००८ पासून चालू आहे. त्यात गोकुळधाम नावाची मुंबईतली, गोरेगावची, सोसायटी आहे. तीत गुजराती आहेत, शीख आहे, तमिळ आहे, आणि मराठी घर बरोबर एक आहे : शिकवण्या घेणारा, पैशापैशाचा हिशेब ठेवणारा भिडे मास्तर आणि त्याची लोणची-पापड विकणारी बायको. मुसलमान आहे तो फाटकाबाहेरच्या दुकानात. ज्या गोरेगावाच्या आसपास ईस्ट इंडियनांची जुनी गावठाणे आहेत, तेथल्या या सोसायटीत ख्रिस्ती घर एकही नाही. बारा वर्षे हे रोज संध्याकाळी कोट्यवधी घरांत दिसले आणि कोणाची अस्मिता दुखावली नाही. एका वाक्याने दुखावली. वाक्य मागे घेता येते. माफीनामा लिहायला एक कागद लागतो, तो मिळाला की फिर्यादी घरी जातो, आणि मुंबईचे चित्र होते तसेच राहते. ज्याने ते चित्र रेखाटले त्याच्यासाठी इतका स्वस्त सौदा दुसरा नाही, आणि तो त्याला पुन्हा पुन्हा करून देणारे आपणच आहोत.

बाईंच्या भीतीचे उत्तरही येथेच आहे. ‘यात आम्ही का नाही’ असे विचारणारा आणि ‘हे बंद करा’ म्हणून दगड उचलणारा हे एकाच जातीचे नाहीत. एकाला पडद्यावर अधिक माणसे हवी आहेत, दुसऱ्याला कमी. जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींच्या ‘तमस’ या मालिकेवर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला, तेव्हा न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली, पुढे सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केले. निवाड्याची कसोटी अशी, की कलाकृतीचा परिणाम खंबीर, विवेकी माणसाच्या नजरेने पाहावा. प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या नजरेने नव्हे. ही कसोटी नागपूरच्या न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या आधी घालून दिलेली. वकीलसाहेबांना हे माझ्याहून चांगले ठाऊक आहे. मग त्यांच्या ध्यानात हेही यायला हवे होते की ‘तमस’ पाहणाऱ्या त्या न्यायमूर्तींनी ‘ही नुसती मालिका आहे’ असे म्हणून प्रकरण निकाली काढले नाही. तिच्या सामर्थ्याची पूर्ण जाणीव ठेवून, तिचा विषय फाळणीइतका दाहक असूनही, ती दाखविली जावी असे त्यांनी म्हटले. माझे मागणे त्याच बाजूचे आहे. मला एकही वाक्य कापून नको, एकाही नटाची माफी नको, एकही मालिका बंद व्हायला नको.

मला मालिका हवी आहे ती अशी : वसईतले, माहीमचे नाहीतर याच गिरगावचे एक मराठी ख्रिस्ती घर, ज्यात कोणी दारुडा नाही आणि कोणी संतही नाही, जेथे वडिलोपार्जित घर बिल्डरला द्यावे की नाही यावरून दोन भाऊ तीन महिने बोलत नाहीत, पागडीची खोली अडवून बसलेल्या भाडेकरूशी दावा चालू आहे, मुलगी हिंदू मुलाशी लग्न करू म्हणते आणि आजीला आक्षेप धर्माचा नसून मुलाच्या नोकरीचा आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणायला कोणी जायचे यावरून मावशा रुसतात, आणि यंदाचा बाटली मसाला कोणाच्या हातचा चांगला झाला यावर उन्हाळाभर वाद चालतो. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक बौद्ध घर असावे, खाली एक कोकणी मुसलमानाचे, आणि कोणाच्याही घराची कथा केवळ त्याच्या दुःखाची नसावी. भूमिका त्या त्या समाजातल्या नटांना मिळाव्यात, आणि लिहिणाऱ्यांत त्या घरांतली माणसे असावीत, म्हणजे संवाद कानावर खोटे पडणार नाहीत. संध्याकाळी साडेसात किंवा आठची वेळ द्यावी, रात्री अकराची नव्हे. आणि पहिल्या महिन्याचे आकडे पाहून गाशा गुंडाळू नये. निदान दोन वर्षे ती चालवावी, आणि मग प्राध्यापकांनी खुशाल जनतेचा कौल मोजावा.